साथीचे रोग आणि विद्यार्थ्यांचा वैद्यकीकडे ओढा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसावे आणि एखाद्या विषयाचा शांतपणे विचार करावा, एवढाच तिच्यामागचा हेतू होता. आपल्या दौंडला दिवसभर तापलेल्या रुळांची धग संध्याकाळी सातपर्यंत उतरत नाही. तरीही आपण इतक्या संख्येने आलात, याबद्दल मी आपला आणि चालकांचा ऋणी आहे. बोलता बोलता गाडीची शिट्टी झाली तर मी क्षणभर थांबेन. दौंडच्या वक्त्याला ती सवय असावीच लागते.

ही शिट्टी आपण एकदा बंद पडलेली ऐकली आहे. २०२० च्या मार्चच्या २२ तारखेला देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. मालगाड्या तेवढ्या जात होत्या. जंक्शनाच्या गावात जन्म गेलेल्या माणसांना त्या शांततेने झोप येईना. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता आपण गच्चीवर आणि दारात उभे राहून थाळ्या वाजविल्या. मीही वाजविली. आज ज्या विषयावर मी बोलणार आहे त्याचा आरंभ माझ्या मते त्या संध्याकाळी झाला. कारण थाळी वाजविणाऱ्या माणसांच्या शेजारी त्यांची मुले उभी होती, आणि त्यांपैकी पुष्कळशी दहावीत होती.

मी डॉक्टर नाही. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. रोगाविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकत नाही. परंतु रोगाची साथ मुलांच्या मनावर काय करते, ती त्यांना कोणत्या पदवीकडे ढकलते आणि कोणत्या पदवीपासून दूर ठेवते, हे मी वर्गात उभा राहून पाहिले आहे. आणि त्यात माझ्या हातून जे चुकले तेही आज सांगणार आहे.

आधी थोडा मागचा हिशेब पाहू. साथी आपल्याला नव्या नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी. पुढच्या वर्षाच्या आरंभी तो पुण्यात आला. रँडसाहेबांच्या कारभाराची, सोल्जरांनी घराघरांत घुसून केलेल्या झडत्यांची आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्यांची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे; तिची पुनरुक्ती मी करीत नाही. मला दुसऱ्याच एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. त्या वेळी औषध फारसे नव्हतेच. हाफकिन यांनी मुंबईत १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती लोकांपर्यंत पोचायला अवकाश होता. मग रोग्याला हवे होते काय? पाणी पाजणारे, अंग पुसणारे, कूस बदलणारे माणूस. आणि तेच नव्हते. बायकांना तपासायला बाई नव्हती. सरकारने अखेर प्लेगच्या कामासाठी विलायतेहून परिचारिका मागविल्या. म्हणजे ज्या मुलखात घरोघर आजीबाई आजाऱ्याची शुश्रूषा करीत होत्या, त्या मुलखाला पगारी शुश्रूषेसाठी सातासमुद्रापलीकडून माणूस आणावे लागले.

आपल्याकडे तेव्हा पुढे कोण आले? लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय काढले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूला रानात दवाखाना उभारला. यशवंतराव शिकलेले डॉक्टर होते. सावित्रीबाईंजवळ कोणतीही पदवी नव्हती. त्या रोगी उचलून आणीत होत्या, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. या दोघांपैकी साथीला कोणाची अधिक गरज होती, हा प्रश्न मी पुढे पुन्हा विचारणार आहे.

१९१८ ची मानमोडी तुमच्या-आमच्या आजोबा-पणजोबांच्या वेळची. ती महायुद्धाच्या काळात मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेने देशभर पसरली. आपल्या गावातून तर पुणे-सोलापूरची वाट १८६० पासून आणि मनमाडची १८७८ पासून आहे. तेव्हा ती आपल्याला चुकविणार कशी? हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्या वर्षी गेली, आणि १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या आधीच्यापेक्षा कमी भरली. त्या वेळी पुष्कळ डॉक्टर लढाईवर गेलेले होते. राहिलेल्यांना तापावर देण्याजोगे फार थोडे होते. तेव्हाही जो जगला तो बहुधा वेळेवर पेज मिळाल्यामुळे जगला.

आता आपल्या साथीकडे येतो. भारतातील पहिला कोरोनाचा रोगी कोण होता, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते? ३० जानेवारी २०२० रोजी केरळात जिला लागण झाल्याचे निष्पन्न झाले, ती चीनमधील वुहानहून परतलेली वैद्यकीय शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी होती. म्हणजे साथ या देशात आली तीच मुळी वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या अंगाने! आपल्याकडे जागा मिळत नाही आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क झेपत नाही, म्हणून हजारो मुले चीनमध्ये शिकत होती. साथीने ती घरी आणली, आणि २०२२ चा उन्हाळा सरेपर्यंत त्यांना परत जाता आले नाही. मोबाईलच्या पडद्यावर शरीररचना शिकत ती बसून राहिली. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तिथूनही आपली मुले जीव मुठीत धरून परतली. तरी परदेशी वैद्यकीची हौस आटली नाही.

महाराष्ट्रातले पहिले दोन रोगी ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. तेथून आपण मोटारीने दीड-दोन तासांवर. मुंबईच्या बंदोबस्ताहून परतलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांना लागण झाल्याचे कळले तेव्हा दौंडकरांच्या पोटात गोळा आला होता, हे आपण विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात दहावीची मुले घरात कोंडलेली होती. भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. दूरदर्शनच्या पडद्यावर दिवसरात्र पांढऱ्या पोशाखातली माणसे. मे महिन्यात लष्कराच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. आणि याच दोन महिन्यांत, मंडळी, याच देशात डॉक्टरांना आणि परिचारिकांना भाड्याच्या खोल्या रिकाम्या करायला सांगण्यात येत होते. त्यांच्यावर हात उगारले गेले, इतके की २२ एप्रिल २०२० रोजी सरकारला वटहुकूम काढून त्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवावी लागली. तो वटहुकूम म्हणजे १८९७ च्या साथरोग कायद्याची दुरुस्ती. आपल्याच प्लेगसाठी केलेला तो कायदा सव्वाशे वर्षांनी पुन्हा बाहेर काढावा लागला. मुलांनी फुलेही पाहिली आणि दगडही पाहिले. त्यांतून त्यांनी काय उचलले?

आकडे थोडेसे सांगतो, कंटाळू नका. 'नीट' या प्रवेशपरीक्षेला २०१९ साली सुमारे १५ लक्ष १९ हजार मुलांनी नावे नोंदविली. २०२० साली सुमारे १५ लक्ष ९७ हजार, २०२१ साली १६ लक्ष १४ हजार. ही काही उडी नव्हे. उडी दिसते ती २०२२ साली: १८ लक्ष ७२ हजार! मग २०२३ साली २० लक्ष ८७ हजार, आणि २०२४ साली २४ लक्ष ६ हजार. आता असे पाहा, २०२० च्या उन्हाळ्यात जो मुलगा दहावी होऊन जीवशास्त्र घ्यावे की गणित याचा विचार करीत होता, तो बरोबर २०२२ साली या परीक्षेला बसला. त्या वर्षी मी अजून नोकरीत होतो. अकरावीच्या प्रवेशाला फोनवर फोन येत. आधी जे पालक अभियांत्रिकीची चौकशी करीत, ते त्या वर्षी म्हणत, "सर, बायो द्या त्याला. इंजिनियर घरी बसलेत बघा. डॉक्टरला मरण नाही." डॉक्टरला मरण नाही! त्या वर्षी किती डॉक्टर साथीत गेले, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु माणसाला भीती वाटली की तो सुरक्षित वाटणाऱ्या धंद्याकडे पाहतो, आणि साथीच्या काळात चालू राहणारा धंदा त्याला सुरक्षित वाटतो.

तथापि सर्व वाढ साथीच्या पदरात घालणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच काळात एमबीबीएसच्या जागा वाढत होत्या. २०१४ पूर्वी सुमारे ५१ हजार होत्या, त्या दहा वर्षांत एक लक्षाच्या वर गेल्या. शेजारी बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साथीच्या आधीच, २०१९ साली सुरू झाले. आणि आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर इमारत उभी राहिली की इच्छा बळावते. २०२२ च्या मार्चात परीक्षेची वयोमर्यादा उठली आणि पुनःपुन्हा बसणारे वाढले. आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांचाही दरवाजा हीच परीक्षा झाली आहे. शिवाय २०२५ साली नोंदणी उलट २२ लक्ष ७६ हजारांवर उतरली. साथीने वारा दिला, शीड आधीच उभारलेले होते, एवढेच मी म्हणेन.

इतर देशांत हा वारा किती टिकला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २०२१ च्या प्रवेशासाठी वैद्यकीच्या अर्जदारांची संख्या जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढली. तेथील वृत्तपत्रांनी या भरतीला डॉ. फाउची यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी ती संख्या साडेअकरा टक्क्यांहून अधिक घसरली. परिचर्येच्या पदवीवर्गातले प्रवेश तर २०२२ साली वीस वर्षांत प्रथमच घटले. ब्रिटनमध्ये २०२१ च्या आरंभी परिचर्येला अर्ज करणारे सुमारे एक-तृतीयांशाने वाढले होते. दोन वर्षांत ती भरती ओसरली. म्हणजे साथीने चेतविलेली इच्छा फार तर दोन-तीन वर्षे जळते. आणि ती विझते प्रथम कोठे? परिचर्येच्या वर्गात.

येथे मी माझ्या घरातली गोष्ट सांगतो. २०२१ च्या एप्रिलात माझे थोरले बंधू आजारी पडले. त्या दिवसांची आठवण तुम्हांला करून द्यायला नको. कळंबोलीहून विशाखापट्टणला ऑक्सिजनचे रिकामे टँकर घेऊन आगगाडी गेली होती, आणि भरलेले टँकर नागपूर-नाशिकला कधी पोचतात याच्याकडे सारा महाराष्ट्र डोळे लावून बसला होता. अण्णांना जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात खाट मिळाली. रुग्णालयाचे नाव घेत नाही. तिथल्या माणसांनी आपली शर्थ केली. तिसऱ्या रात्री त्यांना व्हेंटिलेटर लावण्याची वेळ आली. यंत्र होते. कोपऱ्यात, वरचे प्लॅस्टिकचे आवरणही न काढलेले. मी दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरला विचारले. कोवळी मुलगी होती. ती म्हणाली, "काका, मशीन आहे, पण रात्रीला ते लावून सांभाळणारं माणूस नाही. मी एकटी आहे, माझ्याकडे बावीस पेशंट आहेत." डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर होते, ते आले, त्यांनी केले ते केले. अण्णा घरी आले नाहीत.

यंत्र लागले असते तर ते वाचले असते, असे मी म्हणत नाही. ते मला कळत नाही. परंतु पुढे कित्येक रात्री मी जागा राहिलो तो त्यांच्यासाठी नव्हे; स्वतःच्या एका सवयीसाठी. तीस वर्षे मी काय केले? वर्गातला पहिला-दुसरा मुलगा आला की म्हणालो, "एमबीबीएस." त्याच्या खालचा आला की, "दंतवैद्यक बघ, आयुर्वेद बघ." आणि बाकीच्या चाळीस मुलांना म्हणालो, "बघा काहीतरी." त्या 'काहीतरी'त परिचारिका होती, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ होता, भूल देणाऱ्याच्या हाताखालचा माणूस होता, आणि ते यंत्र सांभाळणारा होता. नर्सिंगचे नाव मी फक्त मुलींना, तेही घरची गरिबी पाहून सुचविले. डॉक्टरकीसाठी मी फळ्यावर उत्तीर्णांची नावे लिहीत असे. परिचारिका झालेल्या एकाही मुलीचे नाव मी फळ्यावर लिहिलेले मला आठवत नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही, असे म्हणून मला सुटता येईल. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे होत होती म्हणून. त्याच वर्षीच्या मे महिन्यात महाराष्ट्राने केरळ सरकारला पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या. १८९७ साली विलायतेहून, २०२० साली केरळातून. मधल्या काळात आपण पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालये बांधली आणि नाशिकला १९९८ साली आरोग्यविज्ञानाचे विद्यापीठही स्थापिले. परंतु साथ आली की आपण अजून शुश्रूषा करणारे माणूस बाहेरूनच मागवतो. केरळच्या घरात मुलगी नर्स झाली म्हणजे घराचे भाग्य उजळते असे मानतात. आपल्या घरात?

रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन चालू केले, आणि पुढे तिथल्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. परपुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम कुलीन घरातली बाई करणार, ही कल्पनाच तेव्हा लोकांना सोसत नव्हती. प्लेग पुण्यात अधूनमधून येतच होता, आणि रमाबाईंना परिचारिकेची किंमत कळत होती. आनंदीबाई जोशी यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला तो स्वतःचे तान्हे मूल गेल्यावर. त्यांचे नाव आपण मुलींना सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु सेवासदनातून ससूनच्या वॉर्डात पहिल्या दिवशी पाऊल टाकणाऱ्या त्या बाईचे नाव आपल्याला सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, पगार कमी, मान कमी, मग मुले कशाला जातील? हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो बाजूला सारीत नाही. साथीत घरोघर फिरून ताप मोजणाऱ्या आशाताईंना जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्याच आशांचा गौरव केला. गौरव जिनिव्हाहून आला. साथीनंतर कायदे झाले आहेत: तंत्रज्ञ आणि तत्सम व्यवसायांसाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, परिचर्येसाठी २०२३ साली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील एका राज्याशी कुशल माणसे पाठविण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. म्हणजे जर्मन रोग्यांना आपल्या सिस्टर मिळतील. मिळोत. आपल्या वॉर्डातल्या रात्रपाळीचे काय, एवढेच मला विचारायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी रेल्वेतल्या एका गृहस्थांची मुलगी माझ्याकडे आली. दहावीला असताना तिने आजीला साथीत गमावले होते. तिने बायो घेतले, परीक्षा दिली, राहिली. पुन्हा वर्ष घातले, पुन्हा थोडक्यात राहिली. वडील तिसऱ्यांदा तिला लातूरला ठेवण्याच्या विचारात होते. वळकटी बांधून तयार होती. मी तिला विचारले, "तुला डॉक्टर व्हायचे आहे, की आजारी माणसाजवळ राहायचे आहे?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, आजीजवळ कोणी नव्हतं, याचं मला वाईट वाटतं." मी परिचर्येच्या पदवीचे नाव काढले. वडील उठून उभे राहिले. "सर, एवढं शिकवून शेवटी सिस्टरच?" मी त्यांच्यावर रागावलो नाही. ते वाक्य माझेच होते. मी तीस वर्षे ते निराळ्या शब्दांत बोलत आलो होतो.

मुलगी गेली. वडिलांचा रुसवा सहा महिने टिकला. गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा मला भेटून गेली. अतिदक्षता विभागात तिची रात्रपाळी लागली होती. ते यंत्र कसे लावतात, त्याची घंटी कोणत्या कारणाने वाजते आणि वाजली तर प्रथम रोग्याकडे पाहायचे, यंत्राकडे नाही, हे तिने मला माझ्याच घरच्या टेबलावर पेला आणि नळी ठेवून समजावून दिले. मी विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो.

आता त्या गृहस्थांचा धाकटा मुलगा बारावीला आहे. परवा ते बाजारात भेटले आणि म्हणाले, "याचं काय करावं? लॅबचा कोर्स करतो म्हणतो." मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. मुलाला घेऊन या म्हटले. येत्या रविवारी सकाळी दोघे येणार आहेत. आपल्यापैकी ज्यांची मुले या वर्षी असा विचार करीत असतील, त्यांनीही यावे. चहा घरचा आहे.